यंदा कोचबाईंचं संपलं

आम्ही या गावात घर घेतलं, त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारचे केळुसकरकाका आले. चपला दाराशी काढल्या आणि नमस्कार वगैरे व्हायच्या आत बोटाच्या पेरानं आमचं डायनिंग टेबल वाजवलं. टक्, टक्. कान लावला. मग भिंत वाजवली. मग किचनचा ओटा. शेवटी निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाठीवर थाप मारली, आणि मला आजही खात्री आहे की तीसुद्धा त्यांनी ऐकली.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले.

"काय, टेबल?" मी विचारलं.

"एकूणच."

एवढं बोलून ते चहा प्यायला बसले. मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा पहिल्या भेटीत निदान खोटं तरी गोड बोलतो. मी त्या रात्री निखिलला म्हटलं, "बाप्पा, हा माणूस आपल्याला जन्मभर शेजारी आहे?"

काकांची नोकरी समजली तेव्हा थोडा उलगडा झाला. त्यांनी उभा जन्म लोखंडाच्या कारखान्यात काढला. आधी कोल्हापूरला, मग इथे अमेरिकेत, पंपाचे भाग ओतणाऱ्या एका कंपनीत. काम काय, तर ओतून आलेला भाग हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. धड असेल तर तो घंटेसारखा खणखणीत वाजतो. आत केसाएवढी जरी चीर असली तरी बद्द वाजतो. बद्द वाजला की बाजूला. रिटायर झाल्यावर हातोडी कंपनीत राहिली, पण कान घरी आला.

कलिंगड काय, कुणीही वाजवून घेतं. काका लग्नं वाजवत. इथल्या मराठी मंडळातल्या कुणाचा मुलगा लग्न ठरवून आला की पेढा तोंडात टाकता टाकता ते म्हणत, "मुलगी चांगली आहे हो. पण हसताना जरा बद्द वाजते." डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून अर्धा दिवस गाडी हाणून आणलेली भाकरवडी त्यांना द्यावी, तर ते ती मोडायच्या आधी डब्याच्या झाकणावर आपटून बघत. त्यांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, यावर फार पूर्वीच उपाय काढला होता. त्या ऐकतच नसत. "त्यांना बडबडू द्यावं," त्या म्हणत. "फ्रीजसुद्धा घरघर करतोच की. आपण फ्रीजशी बोलतो का?"

पण काकांचा कान खरा लागला होता तो बास्केटबॉलवर.

आता आमचं गाव म्हणजे मक्याच्या शेतांच्या मधोमध कुणीतरी विसरून गेलेलं एक विद्यापीठ. मी तिथेच कॉम्प्युटर विभागात नोकरी करते. या गावाला समुद्र नाही, डोंगर नाही, धड हवा नाही. आहे ती फक्त विद्यापीठाची मुलींची बास्केटबॉल टीम. पण ती अशी टीम, की तिनं देशातल्या भल्याभल्या कॉलेजांना वर्षानुवर्षं रडवलंय. तिच्या कोच म्हणजे एक उंच, पिकल्या केसांच्या, कायम कुणावर तरी वैतागलेल्या बाई. काका त्यांना 'कोचबाई' म्हणत, आणि मग सगळं मंडळच म्हणायला लागलं.

आमच्या मराठी मंडळातल्या एकानंही मायदेशात बास्केटबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता. पण इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी सोमवारी सकाळी ऑफिसात गोऱ्यांशी बोलायला आमच्याकडे विषय नसायचा. टीमनं तो दिला. बघता बघता आम्ही सगळे कडवे भक्त झालो. टीमच्या रंगाचे टीशर्ट आले, टीमच्या रंगाची पैठणी शोधली गेली, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टीमचा लोगो असलेल्या वाट्या वाटल्या गेल्या. मोठी मॅच आमच्या बेसमेंटमध्ये बघायची, कारण आमच्याकडे मोठा टीव्ही होता आणि निखिलला नाही म्हणता येत नाही.

तिथे, कोपऱ्यातल्या खुर्चीत, काका बसत. मॅच सुरू व्हायच्या आधी धनंजय ठरलेला प्रश्न विचारी. धनंजय म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. कोचबाई जितकी वर्षं कोच आहेत जवळजवळ तितकीच वर्षं हे अध्यक्ष आहेत, आणि तेही एकही मॅच न जिंकता.

"बोला काका, आज काय?"

काका खुर्चीचा हात वाजवत. टक्, टक्.

"संपलं."

"कुणाचं?"

"कोचबाईंचं. यंदा संपलं."

कारण दरवर्षी नवं. एका वर्षी पोरी बुटक्या होत्या. पुढच्या वर्षी पोरी उंच होत्या, म्हणजे वाकायला वेळ लागणार. एका वर्षी टीम एकही मॅच हरली नव्हती, ते तर फारच वाईट, कारण "हरायची सवय नसलेला माणूस हरला की उठत नाही." मग कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळायला लागले. काकांनी कपाळाला हात लावला. "पैसा आला की गुडघे जड होतात." मग नियम बदलले आणि खेळाडू मनाला येईल तेव्हा एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जायला लागल्या. काका म्हणाले, "आज इथे, उद्या तिथे. हे कॉलेज आहे की एस.टी. स्टँड? पायाच भुसभुशीत. किती दिवस वर राहणार?"

तर टीम वरच राहत होती. काका सांगायचे हरणार, पोरी जिंकायच्या. हे इतक्या वेळा झालं की काकांचं अभद्र बोलणं हाच शुभशकुन ठरला. एकदा उपांत्य फेरीच्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता, तोंडातून शब्द फुटेना. बेसमेंटमध्ये अक्षरशः घबराट झाली. कंपनीत शेकडो लोकांचं काम बघणारा एक डायरेक्टर काकांपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, नुसती मान हलवा. हरणार ना? हरणार ना?" काकांनी नकारार्थी मान हलवली, म्हणजे यांचं काही खरं नाही अशी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. उच्चशिक्षित माणसं आहोत आम्ही.

आणि पोरी जिंकल्या की आणखी एक गोष्ट ठरलेली. इकडे आमचा आरडाओरडा चाललेला, तिकडे काकांचा फोन वाजायचा. ते उठून जिना चढून बाहेर जायचे. बर्फ पडत असलं तरी कोटाशिवाय. परत यायचे तेव्हा नाक-कान लाल झालेले, आणि चेहरा असा की जणू कुणी थोबाडीत मारलीय आणि ती त्यांना आवडलीय. "गेले तोंड लपवायला," आम्ही म्हणायचो. धनंजय तर टाळ्या वाजवून म्हणायचा, "काका, तुमचा कान तपासून घ्या एकदा! बद्द ऐकू येतंय तुम्हाला!" काका गुपचूप बसून गार झालेला समोसा खायचे.

मग या वर्षीचा हिवाळा आला, आणि टीम खरोखरच बद्द वाजायला लागली.

संघातली सगळ्यांत हुशार पोरगी जास्त पैशांसाठी दक्षिणेतल्या कुठल्याशा कॉलेजात निघून गेली. दुसरीचा गुडघा गेला. उरलेल्या बहुतेक नव्या. ज्यांना पूर्वी हसत हसत हरवायचो अशा कॉलेजांकडून मार खायला सुरुवात झाली. ऑफिसात सोमवारी गोरे आपणहून हवामानाबद्दल बोलायला लागले. गावातल्या पेपरात, टीव्हीवर, केस कापायच्या दुकानात, एकच चर्चा. कोचबाईंचं राज्य टिकणार का?

मंडळात लोक काकांकडे आदरानं बघू लागले. "काका, तुमचं खरं व्हायची वेळ आली हो!" मला वाटलं, हा माणूस आता खुर्चीतून वर तरंगणार. इतकी वर्षं चुकल्यावर शेवटी बरोबर ठरायची संधी चालून आली होती.

पण काकांचं काहीतरी बिनसलं. "संपलं" म्हणायचे, पण त्यात पूर्वीचा ठसका नव्हता. मॅच चालू असताना पायाचा अंगठा नुसता हलत राही. टीम हरली की फोन वाजत नसे, आणि काका सगळ्यांच्या आधी घरी निघून जात.

एका शनिवारी सकाळी मी आणि ते किराणा आणायला गेलो होतो. दुधाच्या फ्रीजपाशी कोचबाई उभ्या. ट्रॅक पँट, विस्कटलेले केस, हातात अंड्यांचा खोका. गावात त्यांना असं गाठायचं नाही असा अलिखित नियम आहे. मी नजर वळवली. पुन्हा बघते तर काका त्यांच्यासमोर.

"मॅडम," काका म्हणाले, "आय हॅव कन्सर्न. लेफ्ट साइड."

मला दह्याच्या डब्यांमागे लपावंसं वाटलं.

कोचबाईंनी थकलेल्या डोळ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. माकडटोपी, मफलर, स्वेटरवर स्वेटर. "तुम्ही आमचे फॅन का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नो, नो," काका घाईनं म्हणाले. "क्वालिटी कंट्रोल."

बाई मोठ्यांदा हसल्या. त्या हसतात हे गावात कुणाला माहीत नसावं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या ट्रॉलीचा दांडा धरला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "बट यू विल विन, नो? लिटल बिट?"

"प्रयत्न करतोय आम्ही, सर," बाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांच्या हातावर थोपटून पुढे गेल्या.

मी ही गोष्ट घरोघर सांगितली. क्वालिटी कंट्रोल म्हटल्यावर लोक पोट धरून हसायचे. धनंजयनं तर ती मंडळाच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितली, स्वतः तिथे हजर असल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात मी मंदाकाकूंना घेऊन डेव्हनला निघाले. गुढीपाडवा जवळ आला होता, गूळ, कडुनिंब, साखरेच्या गाठी, सगळं तिथेच मिळतं. गाडीत मी त्यांनाही दुधाच्या फ्रीजची गोष्ट रंगवून सांगितली. काकू हसल्या नाहीत. मक्याची रिकामी शेतं मागे जात होती, त्याकडे बघत राहिल्या.

"अगं मीनल," शेवटी त्या म्हणाल्या, "त्यांना बास्केटबॉलमधलं काय कळतं? चेंडू जाळीतून गेला की पॉइंट, एवढंच. ते सगळं आमच्या शर्वरीसाठी."

शर्वरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मोठ्या कंपनीत आहे एवढंच मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी तिला इथे आलेलं एकदाच पाहिलं होतं, तेही काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी.

"ती शाळेत असताना खेळायची," काकू सांगायला लागल्या. "छान खेळायची. हे एकही मॅच चुकवायचे नाहीत. कारखान्यातून तसेच यायचे, हाताला लोखंडाचा वास. आणि मॅच संपली की शाळेपासून घरापर्यंत गाडी. काचा बंद, आणि आत हे. डावा हात कच्चा आहे. पास उशिरा दिलास. धावताना खांदा पडतो. ते ओरडायचे नाहीत गं कधी. शांतपणे सांगायचे, कारखान्यात सांगायचे तसं. त्यांना वाटायचं, चीर वेळेवर दाखवली की पोर पक्की होईल."

"मग?"

"मग शाळेची फायनल झाली. हिनं सगळ्यांत जास्त पॉइंट काढले. शाळा जिंकली. गळ्यात मेडल घालून गाडीत बसली. मी मागे होते, मला तिचा चेहरा आरशात दिसत होता. वाट बघत होती बघ, बाबा काय म्हणतात. हे म्हणाले, 'शेवटचा पास चुकवलास.' तेवढंच. दारात आल्यावर तिनं बूट काढले आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. परत म्हणून खेळली नाही. कॉलेज निवडलं तेही नकाशात सगळ्यांत लांबचं."

"काकांना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं असणार. पण त्यांचं स्वतःचं त्यांना ऐकू येत नाही."

शर्वरी आईशी रोज व्हिडिओवर बोलायची. काका मागून जायचे, ती 'हाय बाबा' म्हणायची, हे 'हं' म्हणायचे. बापलेकीचं बोलणं वर्षानुवर्षं एवढंच. मग एका हिवाळ्यात असंच काकूंशी बोलणं चाललं होतं. टीव्हीवर आपल्याच गावच्या टीमची मॅच होती, शर्वरीही तिकडे तीच बघत होती. काका मागून जाता जाता सवयीनं म्हणाले, "या काय जिंकतायत! बद्द वाजतंय सगळं." आणि पोरी जिंकल्या.

"मॅच संपली, आणि ह्यांचा फोन वाजला," काकू म्हणाल्या. "माझा नाही, ह्यांचा. शर्वरी. 'बाबा! यू वेअर राँग!' म्हणून किंचाळली. मग सगळी मॅच तिनं त्यांना समजावून सांगितली, कोण कसं खेळलं, ह्यांना कसं काहीच कळत नाही. हे नुसते हं, हं करत होते. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ सोफ्यावर तसेच बसून राहिले. तेव्हापासून हे नाटक चाललंय. पोरी हरणार म्हणून छातीठोक सांगायचं. तिला आईकडून कळतंच. जिंकल्या की ती ह्यांना खिजवायला फोन करते. चूक निघाल्याशिवाय ह्यांना मुलीचा फोन येत नाही, मीनल. सकाळी देवापुढे बसतात ना, ते त्या कोचबाईंसाठी."

मी गाडी चालवत राहिले.

कशीबशी, शेवटच्या क्षणाला, टीम मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेत शिरली. ही स्पर्धा अशी की एकदा हरलात की सामान बांधायचं. पहिली मॅच रविवारी दुपारी, दुसऱ्या राज्यात. बेसमेंट भरलं. काका खुर्चीत. काकू जिन्याच्या पायरीवर.

"बोला काका, आज काय?"

काकांनी खुर्चीचा हात वाजवला नाही. "संपलं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. काकूंनी मला सांगितलंय हे त्यांना कळलं असावं.

मॅच वाईट सुरू झाली. आपल्या पोरी अर्ध्या वेळेला बऱ्याच मागे होत्या. लोक समोशांकडे वळले. मग त्या नव्या पोरींच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, एकेक पॉइंट करत त्या वर यायला लागल्या. बेसमेंट उभं राहिलं. काकाही उभे राहिले. मॅच बघताना मी त्यांना कधी उभं पाहिलं नव्हतं. अगदी शेवटी आपण एका पॉइंटनं मागे, घड्याळात जवळजवळ काहीच उरलेलं नाही, आणि आपल्या एका पोरीला धक्का लागला म्हणून दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे कुणीही अडवायला नसताना रेषेवर उभं राहून निवांत चेंडू टाकायचा. निवांत फक्त म्हणायला. पहिलंच वर्ष होतं तिचं, वेणी घट्ट बांधलेली, ओठ हलत होते.

पहिला कड्यावर आपटून बाहेर गेला.

दुसराही.

घड्याळ संपलं. मग धनंजय ओरडला, "काका! शेवटी तुमचं खरं झालं!" आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. हरल्याचं दुःख करायला लाज वाटते, चेष्टा करायला वाटत नाही, त्यातलाच प्रकार. टाळ्या, शिट्ट्या. धनंजयनं पिशवीतून शाल आणि नारळ काढला. या दिवसासाठी त्यानं ती पिशवी गाडीत तयारच ठेवली होती म्हणे. आमच्या मंडळाला सत्कार करायला कसलंही निमित्त पुरतं. "आपल्या सगळ्यांचे लाडके, भविष्यवेत्ते, क्वालिटी कंट्रोलवाले," असं भाषण ठोकून त्यानं शाल पुन्हा खुर्चीत बसलेल्या काकांच्या खांद्यावर टाकली आणि नारळ हातात दिला. फोटो निघाले. काकांनी फोटोला मान वर केली. त्यांचा फोन त्यांच्या मांडीवर होता, आणि तो वाजत नव्हता.

लोक हळूहळू पांगले. निखिल कागदी प्लेटा गोळा करून कचरा टाकायला बाहेर गेला. खाली मी, काकू आणि शालीतले काका उरलो.

"मीनल," काका म्हणाले, "इथे खाली फोनला रेंज असते ना?"

"असते काका."

"असते. दरवेळी असतेच." ते उठले. "तरी वर जाऊन बघतो."

आम्ही दोघी त्यांच्यामागे गेलो. ते बाहेर अंगणात उभे राहिले, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फोन. लख्ख ऊन आणि बोचरी थंडी, इथल्या मार्चमध्ये असते तशी. फोन त्यांनी डोक्याच्या वर धरला. मग खाली आणला.

"काका, तुम्हीच करा की फोन," मी म्हटलं.

"काय बोलू?" ते म्हणाले. "आज मी बरोबर आहे."

काकू पुढे झाल्या, काकांच्या हातातला फोन घेतला, नंबर लावला, स्पीकर लावला आणि परत त्यांच्या हातात दिला. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा? आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. इथेच आहे."

"ओके." मग, "आय सॉ द गेम. यू वेअर राइट, बाबा." आवाज अगदी सपाट होता.

"ते राहू दे," काका म्हणाले. नारळ या काखेतून त्या काखेत गेला. "ती पोरगी. शेवटची. दोन्ही चुकली ती."

"हं. तिचं काय?"

"तिचे आईवडील मॅचला आले असतील का गं तिथे?"

"असतील. आय गेस. का?"

"मग ती घरी त्यांच्या गाडीतून जाणार?"

"नो, बाबा. टीमबरोबर. बस, मग फ्लाइट."

"बरं झालं," काका म्हणाले.

मला वाटलं फोन कट झाला. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. मग शर्वरी बोलली, सावकाश, शब्द शोधत, आणि सगळं मराठीत.

"आणि ती तुमच्या गाडीत असती तर? तुम्ही काय म्हणाला असता तिला?"

काकांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून.

"काही नाही. हीटर लावला असता." जरा वेळानं म्हणाले, "भूक लागलीय का, विचारलं असतं."

"ती रडली असती, बाबा."

"रडू दे की," काका म्हणाले. "मी गाडी हळू चालवली असती."

पुढे शर्वरी काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, कारण काकूंनी मला ओढून घरात आणलं. जाता जाता त्यांनी काकांच्या काखेतला नारळ अलगद काढून घेतला, म्हणजे त्यांना फोन दोन्ही हातांनी धरता यावा. दार लावून घेतलं. खिडकीतून दिसत होतं, ते अंगणात उभे होते, मान खाली, मधूनच हलवत. बरंच काही ऐकत होते. अंगावर कोट नव्हता. आमच्या मंडळाची शाल पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.